प्लॉट घेताय? आधी जमिनीची जात विचारा

रविवारी विहारात वंदना झाली की पूर्वी चर्चा व्हायची ती पोरांच्या शिक्षणाची, जागा निघाल्या का याची, नाहीतर गटबाजीची. गेली काही वर्षे आम्ही पाहतोय, चर्चा प्लॉटवर येऊन थांबते. कुणी शिवारात दोन गुंठे घेतले, कुणी हायवेच्या कडेला बुक केला, कुणाच्या मेहुण्याचा भाव तीन वर्षांत दुप्पट झाला. भुसावळचा रेल्वे कर्मचारी, वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला कामगार, धुळ्याचा शिक्षक, एसटीतला वाहक, जळगावच्या दवाखान्यातली परिचारिका. बाबासाहेबांच्या संविधानाने आरक्षण दिले, आरक्षणाने पगार दिला आणि पगारातून चार पैसे शिल्लक पडू लागले, असा हा आपला वर्ग आहे. याने पैसा गुंतवू नये असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे मालमत्ता बाळगण्याचाच हक्क नव्हता, त्याला जमीन घेऊ नको म्हणून सांगणारे आम्ही कोण?

आमचे म्हणणे वेगळे आहे. आपण जमीन घेतो, पण जमीन वाचत नाही. आणि जमीन न वाचता घेणाऱ्याच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर तो स्वतः फसतो, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीत भागीदार होतो. पहिल्या धोक्याबद्दल वकील आणि एजंट थोडेफार सांगतात. दुसऱ्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून हा लेख.

गुंतवणूकदाराला अलीकडे ‘ड्यू डिलिजन्स’ करा असा सल्ला दिला जातो. साध्या भाषेत याचा अर्थ, पैसे देण्याआधी पूर्ण खातरजमा करा. शब्द नवा असला तरी काम जुने आहे. आपल्या आज्या मडके घेताना चार ठिकाणी वाजवून पाहायच्या. शंभर रुपयांच्या मडक्याला जी बुद्धी वापरली, ती आपण पंधरा लाखांच्या प्लॉटला वापरत नाही. एजंट म्हणतो, “भाऊ, जागा एकदम क्लिअर शे,” आणि आपण सौदापावतीवर सही करून मोकळे होतो.

जागा न तपासण्याची किंमत काय असते याचे खान्देशातले सर्वांत मोठे उदाहरण कुठल्या गरीब गुंतवणूकदाराचे नाही, एका नगरपालिकेचे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधायची योजना आणली. हुडकोकडून कर्ज काढले, ठेका दिला, आगाऊ रकमा दिल्या. ज्या जागांवर काम सुरू झाले त्यातल्या जागांची मालकी आणि बिगरशेती परवानगी हाच नंतर वादाचा एक मुख्य मुद्दा झाला. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर यांच्यासह ४८ जणांना दोषी धरले. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली, तो भाग न्यायालयाचा.

आमचा प्रश्न मात्र साधा आहे. ज्या संस्थेकडे स्वतःचे अभियंते होते, नगररचना विभाग होता, वकील होते, तिच्या योजनेतही जागेचे कागद वादात सापडतात, तर आपला माणूस एका रंगीत माहितीपत्रकावर विश्वास ठेवून का बसतो? आणि त्या सगळ्या प्रकरणात घराची वाट पाहत बसलेला कोण होता? झोपडपट्टीतला माणूस. म्हणजे आपलाच माणूस. पुढाऱ्यांच्या अटकेच्या बातम्या झाल्या, त्याच्या वाट पाहण्याची बातमी झाली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. महाराष्ट्रात जमिनीला जात आहे. हे आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाही, ते महसुली दप्तरात लिहिलेले आहे. सातबारा हातात घ्या. वर भूधारणा पद्धतीच्या रकान्यात ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. वर्ग १ म्हणजे साधारणपणे विकायला मोकळी जमीन. वर्ग २ म्हणजे शासनाच्या अटींनी बांधलेली, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन. या वर्ग २ मध्ये कोण कोण बसले आहे ते पाहा: वतनाच्या आणि इनामाच्या जमिनी, भूमिहीनांना वाटलेल्या सरकारी जमिनी, धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी, कुळकायद्याने कुळाला मिळालेल्या काही जमिनी. ही यादी वाचली की या राज्यात जमीन कुणाकडे नव्हती आणि ती त्यांना कशी मिळाली, याचा सगळा इतिहास समोर येतो. ‘वर्ग २’ ही एजंटला अडचण वाटते. आम्हाला ती अनेक पिढ्यांच्या लढ्याची पोचपावती वाटते.

महार वतनाचेच घ्या. गावाची रात्रंदिवस बिनमोल चाकरी करायची आणि बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते घ्यायचे, अशी ही व्यवस्था. १८७४ च्या वतन कायद्याने तिला सरकारी शिक्का दिला होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण वतन ही मिळकत नसून गुलामीची साखळी आहे हे त्यांनी ओळखले होते. साखळी तुटावी आणि जमीन मात्र कसणाऱ्याकडेच राहावी, हा त्यांचा आग्रह होता. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ मध्ये. वतन गेले, आणि शेतसाऱ्याच्या आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली तर जमीन नव्या शर्तीने पुन्हा वतनदाराला मिळण्याची तरतूद झाली. ज्यांना रक्कम भरता आली नाही, ज्यांना नोटीस वाचता आली नाही, त्यांची जमीन सरकारकडेच राहिली. कायदा सर्वांना सारखा होता, पण तिप्पट आकार भरायची ऐपत सर्वांना सारखी नव्हती.

हा जुना इतिहास वाटत असेल तर २०२५ चा नोव्हेंबर आठवा. पुण्याच्या मुंढव्यात सुमारे ४० एकर महार वतनाची, सरकारकडे असलेली जमीन, जी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेला भाडेपट्ट्याने दिलेली होती, ती ३०० कोटींच्या खरेदीखताने एका बड्या राजकीय घराण्याशी संबंधित कंपनीच्या नावे करण्याचा व्यवहार उघड झाला. मूळ वतनदारांच्या वारसांकडून घेतलेल्या मुखत्यारपत्रांचा त्यात आधार होता. आरडाओरड झाली, चौकशी लागली, गुन्हे दाखल झाले. पुण्यात ४० एकर होते म्हणून वर्तमानपत्रात आले. जळगाव-धुळ्याच्या आसपासच्या गावात दोन एकर असतील तर ते कुठे येणार? म्हातारा वतनदार वारलेला, वारस मुंबई-सुरतेला गेलेले, कुणीतरी पाच-दहा हजार हातावर ठेवून मुखत्यारपत्रावर अंगठे घेतलेले. पुढे त्याच जमिनीचे तीस प्लॉट पडतात आणि त्यातला एक प्लॉट रविवारी विहारात आपल्याला दाखवला जातो.

आमच्यातल्या एका शिक्षकाच्या बाबतीत हे घडता घडता राहिले. निवृत्तीचे पैसे हातात आले होते. पत्नी म्हणाली पतसंस्थेत नको, आणि ती चूक नव्हती. जळगावात मुख्यालय असलेली रायसोनी पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांनी काय भोगले ते घरोघरी माहीत आहे. म्हणून जमीन बरी. सौदापावती झाली, दोन लाख दिले. मग आमच्यापैकी एकाने सहज फेरफार पाहायला मागितले. ताजा सातबारा स्वच्छ होता. पण तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित फेरफार काढले, तेव्हा एका नोंदीत जुन्या मोडीवळणाच्या अक्षरात ‘महार इनाम’ हे दोन शब्द सापडले. मधल्या एका फेरफारानंतर ते पुढच्या सातबाऱ्यावर उतरलेच नव्हते. परवानगीचा आदेश कुठेही नव्हता. दोन लाखांपैकी दीड लाख परत मिळाले, तेही चार महिने हेलपाटे घालून. गुरुजी म्हणाले, “माझे पन्नास हजार गेले याचे दुःख नाही. मी माझ्याच आजोबाच्या भावकीची जमीन विकत घ्यायला निघालो होतो, याची लाज वाटते.”

म्हणून आम्ही म्हणतो, आधी जमिनीची जात विचारा. कशी विचारायची तेही सांगतो.

पहिले, आजचा सातबारा हा शेवटचा पाना आहे, पूर्ण पुस्तक नाही. त्यावर जे फेरफार क्रमांक दिलेले असतात, त्या प्रत्येकाची नक्कल काढा आणि १९५० च्या दशकापर्यंत मागे जा. ‘इनाम’, ‘वतन’, ‘६ब’, ‘नवीन शर्त’, ‘अविभाज्य’, ‘शर्तभंग’, ‘गायरान’, ‘भूदान’, ‘पुनर्वसन’, ‘कूळ’ यातला एकही शब्द दिसला तर थांबा. वर्ग २ ची जमीन वर्ग १ झाली असेल तर त्याचा आदेश आणि नजराणा भरल्याचे चलन मागा. “झालंय हो ते” हे चलन नव्हे.

दुसरे, फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही. महसुली नोंद ही सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तसेच दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला म्हणजे त्याने विकणाऱ्याची मालकी तपासली असेही नाही. म्हणून वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. वकील आपला निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची फी वाचवून कुणी श्रीमंत झालेला आम्ही पाहिला नाही.

तिसरे, मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर मालकी मिळत नाही. सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. विकणारा मुखत्यार असेल तर मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटा. तो जिवंत आहे का, कशावर सही केली हे त्याला ठाऊक आहे का, पैसे त्याच्या खात्यात गेले का, हे त्याच्या तोंडून ऐका.

चौथे, शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे करून विकलेले प्लॉट. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा. अधूनमधून सवलती येतात आणि एजंट त्यांचीच जाहिरात करतो. पण शासन सवलत देईल या आशेवर घेतलेला प्लॉट हा प्लॉट नसून लॉटरीचे तिकीट आहे. बिगरशेती आदेश, मंजूर अभिन्यास, झोन दाखला आणि मोजणीची ‘क’ प्रत, हे चार कागद समोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. अभिन्यासातली खुली जागा आणि रस्ता कुठे दाखवला आहे ते जागेवर उभे राहून पाहा. मोकळ्या भूखंडावर प्लॉट पाडून विकल्याच्या तक्रारी नवीन नाहीत.

पाचवे, महारेरा. १ मे २०१७ पासून हा कायदा पूर्णपणे लागू आहे आणि तो फक्त पुण्या-मुंबईच्या इमारतींसाठी नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तरी नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. मागत असेल तर तो कायदा मोडतो आहे आणि तुम्ही त्याला मदत करता आहात.

सहावे, अफवेवर जमीन घेऊ नका. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून धुळे, नरडाणा, शिरपूर पट्ट्यात प्रत्येक एजंटकडे ‘स्टेशनला लागून’ असलेली जागा आहे. स्टेशनला लागून असलेली जागा संपादनात जाऊ शकते, हे मात्र तो सांगत नाही. संपादनाची अधिसूचना, विकास योजनेतले आरक्षण, हायवेपासून सोडायचे अंतर हे आधी पाहा.

आणि सातवे, ज्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो: वारसांत बहिणी कुठे आहेत? फेरफारात वारस म्हणून तीन भाऊ दिसतात आणि बहीण एकही नाही, असे घर खान्देशात किती असेल? हक्कसोडपत्र आहे का, ते नोंदणीकृत आहे का, आणि तिने ते राजीखुशीने दिले का? २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्माने मिळतो हे पक्के केले. ही झाली कायद्याची बाजू. दुसरी बाजू अशी की हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावायचा आणि बहिणीचे नाव उडवलेल्या जमिनीवर बंगला बांधायचा, हे जमणारे नाही.

आदिवासींच्या जमिनीबद्दल तर वेगळे सांगायलाच हवे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि पलीकडे सगळा नंदुरबार जिल्हा. भिल्ल, पावरा, कोकणा, तडवी यांच्या जमिनी सावकारीतून आणि कागदी करामतीतून कशा गेल्या, हे १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने सगळ्या महाराष्ट्रासमोर आणले. १९७४ मध्ये कायदा बदलला. महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. आपल्यातलाही कुणी एखाद्या भिल्लाच्या नावावर जमीन ठेवून आतून व्यवहार करत असेल, तर त्याने स्वतःला आंबेडकरवादी म्हणवून घेऊ नये. पीडित असल्याचे प्रमाणपत्र हे दुसऱ्याला पिडण्याचा परवाना नसते.

यावर आम्हाला दोन आक्षेप नेहमी ऐकावे लागतात. ते खोटे नाहीत, म्हणून उत्तर देतो.

पहिला आक्षेप: सगळे लोक अशाच जमिनी घेऊन कोट्यधीश झाले, आमच्या वेळेलाच तुम्ही नैतिकता घेऊन येता. उत्तर असे की प्रस्थापिताने बेकायदा जमीन घेतली तर ती टिकवायला त्याच्याकडे सत्ता असते, पैसा असतो, तारखांमागून तारखा चालवायची ताकद असते. आपल्याकडे काय आहे? शर्तभंगाची नोटीस आली तर सर्वांत आधी प्लॉट आपला जातो. बेकायदेशीरपणासुद्धा या देशात जातीप्रमाणे परवडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही बंधने दलित-आदिवासींनाच का? इतरांनी बाजारभावाने विकायचे आणि आमच्या वतनदाराने कलेक्टरच्या दारात उभे राहायचे, हा कुठला न्याय? आम्हालाही हा प्रश्न सतावतो. परवानगीची पद्धत भ्रष्ट आहे, दिरंगाईची आहे आणि नजराण्याचा बोजा शेवटी गरिबाच्या किमतीतूनच कापला जातो, हे खरे. पण बंधन आहे म्हणून विकणाऱ्याला कमी भाव मिळतो आणि तोच कमी भाव पाहून आपण घ्यायला धावतो, हेही तितकेच खरे. बंधन अन्यायकारक वाटत असेल तर ते बदलण्यासाठी रस्त्यावर उतरू, नजराणा माफ करा म्हणून मोर्चा काढू. वतनदाराच्या अडचणीचा फायदा घेऊन पाव किमतीत जमीन लाटणे हा त्या बंधनाविरुद्धचा लढा नाही.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी आपण हजारोंच्या संख्येने तिथे जातो. तो माणूस वकील म्हणून आला होता, हे आपण विसरतो. कागद वाचणारा, पुरावा मागणारा, समोरच्याच्या शब्दावर न जाणारा माणूस. त्यांच्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, १९६४ च्या देशव्यापी सत्याग्रहात माणसांनी तुरुंग भरले. मागणी एकच होती: कसायला जमीन द्या. त्या मागणीतून ज्यांना चार-दोन एकर मिळाले, त्यांच्या नातवंडांकडून ती जमीन आज दलालामार्फत निघून जाते आहे, आणि घेणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत.

म्हणून आमची सूचना आहे. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार कागद वाचण्यासाठी ठेवा. आपल्यात वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, भूमी अभिलेखमध्ये काम केलेले आहेत. ज्याला प्लॉट घ्यायचा आहे त्याने कागद आणावेत, ज्याची जमीन कुणी मागतो आहे त्यानेही आणावेत. घेणारा आणि विकणारा दोघेही आपलेच आहेत, आणि आज दोघेही एकेकटे एजंटसमोर बसतात. आमच्या वस्तीत आम्ही हे येत्या महिन्यापासून सुरू करतो आहोत. येताना जुने फेरफार घेऊन या. चहा आमच्याकडे.

जय भीम.